आधी हिला बघा

शेजारीन माझी, जीवाभावाची, पन डोकं लई खाती बया. कायबी सांगा, "व्हय व्हय" म्हनती आन सोताचंच खरं करती. हिच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, डॉक्टरीनबाई म्हनल्या ऑपरेशन लवकर करा, तर हिचं रोज नवंच, रानात कांदा लावून होऊ दे, पाव्हने जाऊ दे. शेवटी भांडून भांडून नगरला दवाखान्यात नेली, पोरगं माझ्या कडंवर. आत गेल्यावर हिनं मलाच पुढं ढकललं.

"बाई, आधी हिला बघा. पोराला पाजती हाय, हिलाबी तसलं काय न्हाई ना?"

मी चिडले, भ्यालेबी. बाईंनी तपासलं, म्हनल्या, काय न्हाई.

तवा तिनं माझं पोरगं कडंवर घेतलं आन म्हनली, "हां, आता सांगा, कदी ॲडमिट व्हायचं?"