मागच्या चाकांचा हट्ट

नव्या गावातली गाडी शिरीषने ठरवूनही टाकली, हे मीनलला कळलं ते इराच्या तोंडून.

दिवसभर पेशंटांचे खांदे-गुडघे हलवून ती सिंगापुरातल्या नोव्हेनाच्या फिजिओथेरपी सेंटरहून टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर पोचली होती. अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच पोरगी टॅब नाचवत समोर आली. "आई, पपाने कार चूझ केली ऑलरेडी! ब्लू कलर. सो नाइस, सी!"

टॅबवर लांब नाकाची, जमिनीला टेकलेली निळी गाडी होती. सुंदरच होती. मीनल बघत राहिली आणि मग तिने स्वयंपाकघरातल्या नवऱ्याला विचारलं, "अरे, ही कधी ठरली?"

"दुपारी कंपनीचा मेल आला होता," शिरीष कांदा चिरता चिरता म्हणाला. "दोनच गाड्या देतायत. एक ही, आणि एक ती चारही चाकांना जोर असलेली, डब्यासारखी. म्हटलं, विचार काय करायचा!"

शिरीष मूळचा चिपळूणचा. तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या बोटींवर चीफ इंजिनिअर म्हणून वर्षानुवर्षं काढून तो कंपनीच्या सिंगापूरच्या ऑफिसात स्थिरावला होता. आता कंपनीने त्याला बढती देऊन नोव्हेंबरात स्कॉटलंडला, ॲबर्डीनला पाठवायचं ठरवलं होतं. गाडी कंपनीची, घरही कंपनीचं. आणि ते घर शहराबाहेर, एका टेकडीवरच्या अरुंद गल्लीच्या टोकाला. इराची शाळा खाली गावात. शिरीष महिन्यातले निम्मे दिवस नॉर्वे नाहीतर हॉलंडच्या बंदरात बोटी तपासत फिरणार. म्हणजे शाळा, बाजार, डॉक्टर, सगळं करायला गाडी कोण चालवणार, तर मीनल.

आणि खरं म्हणजे घरात गाडी चालवणारी तीच होती. शिरीषकडे भारतातलं जुनं लायसन्स होतं, ते त्याने इथे कधी बदलून घेतलंच नाही. गाडी घेणं सिंगापुरात त्यांच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, मग कशाला खटपट करा? मीनल मात्र लग्नाआधीपासून इथे होती. मिरजेहून फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वतःच्या कामाच्या पासवर, म्हणजे व्हिसावर, आलेली. सेंटरने तिला घरोघरी जाऊन पेशंट बघायचं काम दिलं, तेव्हा तिने दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा लायसन्स मिळवलं. तेव्हापासून सेंटरची पांढरी व्हॅन घेऊन ती सगळं बेट पालथं घालायची.

"शिरीष, तिथे बर्फ पडतो," ती म्हणाली.

"पडू दे की." त्याने सुरी खाली ठेवली. समजावून सांगायची संधी मिळाली की त्याचा चेहरा खुलायचा. "लोकांचा एक गैरसमज असतो. चारही चाकांनी ओढलं काय आणि मागच्या दोघांनी ढकललं काय, ब्रेक मारल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच. थांबवतात ते टायर. मी विंटर टायर मागितलेत. नुसत्या टायरांनी अर्धं काम होतं."

"आणि चढताना?"

"चढताना थोडा फरक पडतो. मग काय करायचं, मागे डिकीत वाळूची दोन पोती टाकायची. वजन आलं की चाकं पकड घेतात."

"ती पोती कोण उचलणार? तू तर नॉर्वेला."

"एकदा टाकली की टाकली गं. रोज थोडीच उचलायचीत?"

त्याचं काही चुकत नव्हतं, हाच तर मीनलचा वैताग होता. त्याच्या एकेका वाक्यावर बोट ठेवायला गेलं तर प्रत्येक वाक्य बरोबर. आणि त्या गाडीचा सोस त्याला कुठून लागला तेही तिला ठाऊक होतं. बोटीवरच्या मेसमध्ये गाड्यांची जुनी मासिकं असायची. कोणी शेवटची पानं फाडलेली, कोणी चहा सांडलेला. महिनोन् महिने समुद्रावर त्याने तीच वाचली होती. मागच्या चाकांवर धावणारी लांब नाकाची गाडी ही त्याची तरुणपणापासूनची हौस. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीसाठी त्याने कधी हट्ट धरला नव्हता. म्हणून तिला धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सरळ ॲबर्डीनच्या ऑफिसला फोन लावला. गाड्यांचं काम बघणारा माणूस फारच सभ्य निघाला. तिने आपली अडचण सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, पण सरांनी कन्फर्म केलंय."

"गाडी मी चालवणार आहे."

"समजलं. सरांनी तसा मेल पाठवला तर आम्ही नक्की विचार करू."

"मी सांगितलेलं चालणार नाही का?"

"गाडी सरांच्या नावावर आहे, मॅडम." मग त्याने तिला सिंगापुरात हवा कशी आहे ते विचारलं.

संध्याकाळी तिने सुमित्राला गाठलं. सुमित्राचा नवरा निशिकांत हा शिरीषचा जुना बोटीवरचा सोबती; ते दोघं बरीच वर्षं ॲबर्डीनलाच होते. शिरीषलाही ऐकू जावं म्हणून मीनलने फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर टाकला.

"अगं, गेल्या हिवाळ्याचं काही विचारू नकोस," सुमित्रा म्हणाली. "आमची गाडी मागच्या चाकांची. आमच्या घराच्या चढाच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या फाटकात टाकायची आणि दुधाचे कॅन घेऊन वर चालत यायचं. एकदा तर अशी आपटले की आठवडाभर उशी घेऊन बसत होते. मग यांनी टायर बदलून आणले. त्यावर बऱ्यापैकी चढायची. पण कडक झालेल्या बर्फावर ताजा बर्फ पडला ना, की नाही म्हणजे नाही."

मीनलने शिरीषकडे पाहिलं. आता तरी?

"बघ!" शिरीष म्हणाला. "टायर बदलल्यावर चढायची ना? मग झालं तर!"

इरा सोफ्यावरून ऐकत होती. "पपा, बट आई इज द वन ड्रायव्हिंग, व्हॉट," ती सिंगापुरी पोरांच्या लकबीत शेवटी 'व्हॉट' जोडत म्हणाली.

"तू अभ्यास कर," दोघंही एकदम म्हणाले.

त्यानंतर विषय निघाला की तो टायरवर जायचा. टायरवरून रबरावर, रबरावरून थंडीत ते कसं कडक होतं त्यावर. शिरीष आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. तो शांतपणे, समोरच्याला नीट कळावं म्हणून, पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मीनलला वाटायचं, एकदा तरी याने चिडून टेबलावर हात आपटावा, म्हणजे मलाही आपटता येईल.

सप्टेंबरात एका दुपारी पाऊस धो धो कोसळत होता. बेडोकला एका आजींचा व्यायाम घ्यायचा होता. खालचे मजले भरलेले, म्हणून मीनल व्हॅन घेऊन पार्किंगच्या बिल्डिंगच्या गच्चीकडे निघाली. उघडा, वळणाचा चढ, त्यावर हिरवा गुळगुळीत रंग, वरून पाण्याचे लोट. मागची बाकं काढलेली, त्यामुळे व्हॅन मागून हलकी. आणि तिचाही सगळा जोर मागच्याच चाकांवर. वळणावर समोरून गाडी उतरताना दिसली म्हणून मीनल थांबली. पुन्हा निघायला गेली तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तिने थोडा जोर वाढवला, तशी व्हॅनची मागची बाजू सावकाश, अगदी आरामात, भिंतीकडे सरकू लागली. स्टिअरिंग तिच्या हातात होतं, पण मागचं टोक तिचं ऐकत नव्हतं. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. भिंत वीतभर अंतरावर असताना व्हॅन थांबली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मागची गाडी हटल्यावर ती व्हॅन एकेक फूट मागे घेत खाली उतरली आणि रस्त्याकडेला थांबली.

हे तर नुसतं पाणी होतं. तिथे बर्फ असणार, शेजारी भिंतीऐवजी उतार असणार आणि मागच्या सीटवर इरा असणार.

घरी आल्या आल्या तिने सगळं सांगितलं. शिरीषने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "त्या व्हॅनचे टायर किती झिजलेले होते?"

मीनलने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"नोव्हेंबरात मी येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तू जा. मी आणि इरा हिवाळा संपल्यावर येऊ. मी अजून राजीनामा दिलेला नाही, आणि माझा पास माझ्या नोकरीवर आहे."

"एका गाडीवरून?"

"गाडी गेली खड्ड्यात! मी भिंतीवर आदळता आदळता वाचले, आणि तू टायरचं विचारतोस. इतके दिवस मी बोलतेय, त्या चढावर मी असणार आहे हे तुझ्या डोक्यात एकदा तरी आलं का?"

शिरीष बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढत बसला, ते ओलेच होते तरी.

चार-सहा दिवस घरात मोजकंच बोलणं झालं. मग त्याने आपणहून ऑफिसला मेल पाठवला. उत्तर आलं ते असं : मागचे दोन हिवाळे वाईट गेल्यामुळे सगळ्यांनीच चारही चाकांच्या गाड्या मागितल्या आहेत, आता एकही शिल्लक नाही, वसंतात बघू. निळी गाडी तयार आहे.

"बघ, आता मी मागितली तर मिळत नाही," शिरीष म्हणाला.

त्याच्या स्वरात मीनलला किंचित सुटका जाणवली. की तिलाच तसं वाटलं? तिला काही ठरवता येईना. तिने सेंटरच्या प्रमुखांना जाऊन सांगितलं की एप्रिलपर्यंत मी आहे. त्यांना आनंदच झाला. घरात मात्र इरा भडकली. "सो एम्बॅरसिंग लाह, आई! मी सगळ्यांना टोल्ड ऑलरेडी. आता हाऊ?" तिच्या वर्गाने तिला निरोपाचं कार्डसुद्धा दिलं होतं.

नोव्हेंबरअखेर शिरीष एकटाच गेला. निघताना लिफ्टपाशी त्याने मीनलचा हात क्षणभर धरला, तेवढ्यात लिफ्ट आली.

पहिले फोन मजेचे होते. थोडाच बर्फ पडलाय, गाडी लोण्यासारखी चालते, निशिकांत शेजारी बसून शिकवतोय, विंटर टायर म्हणजे कमाल आहे. मीनल हूं हूं करत ऐकायची. गाडी चांगली चालते म्हणून बरं वाटायचं आणि चांगली चालते म्हणूनच चिडचिडही व्हायची. आपण उगाच बाऊ केला की काय? पोरीचं वर्ष असं अधांतरी ठेवलं ते कशासाठी?

मग एका संध्याकाळी ती भाजी घेऊन घरी येत असताना त्याचा फोन आला. आवाजात धाप होती.

"मी ठीक आहे," तो आधीच म्हणाला. "गाडी गल्लीच्या कडेला चरात गेलीय. शेजारचा माणूस ट्रॅक्टर आणतोय. मी चालत वर आलो."

"लागलं का कुठे?"

"नाही. झालं असं की खाली बर्फ घट्ट झाला होता, आणि वर रात्रीचा ताजा. टायर चांगलेच होते. वाळूही टाकली होती. पण ती गल्ली ना, एका बाजूला कललेली आहे, त्यामुळे मागचं टोक जे एकदा सरकायला लागलं..."

मीनल बसस्टॉपच्या बाकावर बसली. तो गल्लीच्या कलण्याबद्दल बोलत राहिला. ती 'तुझंच बरोबर होतं' या एका वाक्याची वाट बघत होती. ते आलं नाही. आपलं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण मनात होती ती फक्त भीती, आणि तिच्या तळाशी संताप. दोन्ही काढायला जागा नाही. माणूस समुद्रापलीकडे, थंडीत कुडकुडत उभा.

"जेवलास का?" तिने विचारलं, आणि हे विचारल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

फेब्रुवारीत सेंटरमध्ये असतानाच तिला परदेशातून फोन आला. तोच गाड्यांवाला सभ्य माणूस. एप्रिलपासून चारही चाकांची एक गाडी मोकळी होतेय, तुम्हाला हवी का? "सर म्हणाले, तुम्हालाच विचारायचं."

मीनलने टायरचं विचारलं, डिकीचं विचारलं, मागच्या सीटवर हीटरची हवा पोचते का तेही विचारलं. त्याने सगळी उत्तरं दिली. तिने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र तिला हलकं वाटेना. तिने शिरीषला फोन केला.

"मला विचारायला तू सांगितलंस?"

"हो. तू चालवणार ना."

"हे ऑगस्टमध्ये म्हणाला असतास तर?"

"तेव्हा मी तो चढ पाहिला नव्हता," तो म्हणाला. आणि मग, जरा खालच्या आवाजात, "तुझं ऐकायला चढ बघायची गरज नव्हती, हेही खरं. एप्रिलला या. फार एकटं वाटतं इथे."

"येतो," मीनल म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

घरी येऊन तिने इराला बातमी सांगितली. इरा मान खाली घालून मार्करचं टोपण लावत-काढत राहिली. "आता मला नाही जायचं," ती म्हणाली. "जानेवारीतच न्यू क्लास स्टार्टेड ऑलरेडी. बास्केटबॉलमध्ये पण घेतलंय मला. तुम्ही दोघं सारखं चेंज करता, मला कोणी आस्क पण नाही करत."

"इरा, उगाच..." मीनलच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. तिथली शाळा किती छान आहे, बर्फात खेळायला मिळेल, बास्केटबॉल तिथेही असतो. सगळं बरोबरच होतं. तिने ते गिळलं आणि खाली फरशीवर मुलीच्या शेजारी बसली.

"बरं, सांग. तुझं काय म्हणणं आहे?"

"सांगून काय? यू वोन्ट चेंज एनीथिंग, व्हॉट."

"नसेल बदलता येत कदाचित," मीनल म्हणाली. "तरी सांग."