बाबांच्या मेलची आवक-नोंद

बाबांची अख्खी नोकरी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर गेली. निवृत्त झाल्यावर अकोल्याच्या घरी त्यांनी कॉम्प्युटर घेतला, मेलचं खातं उघडलं आणि तिसऱ्याच दिवशी एक जाडजूड रजिस्टर आखून मोकळे झाले. आलेल्या प्रत्येक मेलची नोंद: क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कार्यवाही. विजेच्या बिलाचा मेलसुद्धा त्यातून सुटला नाही. मी पोट धरून हसायची. त्यांना काही फरक पडत नव्हता.

मागच्या वर्षी त्या कॉम्प्युटरनं मान टाकायला सुरुवात केली. अर्धा तास चालला की आपोआप बंद. मी अमरावतीहून नवा लॅपटॉप घेऊन गेले. सगळे मेल त्यावरच्या नव्या प्रोग्रामात हलवायचे होते. जुन्या प्रोग्रामची खोड अशी, की मेल उतरवून घेतला की इंटरनेटवरची प्रत पुसून टाकायचा. म्हणजे जे काय होतं ते त्या एका डबड्यात.

"बाकी गेले तरी चालते," बाबा म्हणाले, "पण तुह्या आईचे बत्तीस गेले नाई पाह्यजे."

माझ्या बाळंतपणात आई पाच महिने अमरावतीत होती. तेव्हा ती माझ्या कॉम्प्युटरवरून बाबांना मेल करायची. तिखट कोणत्या बरणीत आहे, कुंड्यांना पाणी घाला, असले मेल. पण बाबांचा जीव त्यातच अडकला होता.

काम सुरू केलं आणि ते डबडं तीनदा मधेच बंद पडलं. त्यात बाबा पाठीशी उभे. "जरा सावकाश... हे काहून दाबलं तू?"

"बाबा, तुमी आंदी खुर्चीवर बसा बरं!" मी ओरडलेच.

शेवटी एकदाचं सगळं पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर चढलं. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच बाबा रजिस्टर घेऊन हजर. पडताळणी झाल्याशिवाय ताबा घेणार नाहीत म्हणे! बाप्पा बाप्पा! मग काय, ते नोंदीतला क्रमांक, तारीख आणि नाव वाचणार आणि मी पडद्यावर शोधून "आहे" म्हणणार. असं दुपारच्या चहापर्यंत चाललं.

आईचे एकतीस निघाले.

पुन्हा मोजले, एकतीसच. जुन्या कॉम्प्युटरवर शोधलं, त्याची कचरापेटी उपसली. नाहीच. बाबांचा चेहरा एवढासा झाला. "तूच काहीतरी दाबलं असन," ते म्हणाले. मी भांडले खरी, पण आतून घाबरले होते. खरंच माझ्याच हातून उडाला असेल तर? मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "कायले पोरीवर कावता? तो मीच उडवला होता."

"तू?" बाबांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं.

"करमत नाई, असं लिवलं होतं मी त्याच्यात," आई बाबांकडे हात करून मला म्हणाली. "यायचं उत्तर नाई, काई नाई. दुसऱ्या दिवशी तुह्या घरी आले, तं म्हने पेन्शनचं काम होतं अमरावतीले. एका शब्दानं इचारलं नाई. म्हटलं, वाचलाच नसन यायनं. मंग अकोल्याले आल्याबरोबर पुसून टाकला. या वयात कायले हसं करून घ्या?"

बाबा कपातला चहा ढवळत बसले. चहात साखर नसते त्यांच्या. रजिस्टर माझ्यासमोर उघडंच होतं. न सापडलेल्या मेलच्या ओळीवर बोट ठेवून मी मोठ्यानं वाचलं.

"विषय: करमत नाही. कार्यवाही: लगेच पहिल्या गाडीने समक्ष रवाना."

आईनं बाबांकडे पाहिलं. "अन् ते पेन्शनचं काम?"

"पेन्शन तं मले अकोल्यातच भेटते," बाबा म्हणाले.