भुताच्या पोस्टरवर माझं थोबाड

बसा, चहा घ्या. पण माझं बोलून होईस्तोवर मोठा घोट घेऊ नका, ठसका लागंल. असला घोळ घालून बसलोय मी, की घरात कोणी पाहुणा आला की बायको आधी हाच किस्सा काढते. म्हणलं, आज आपणच सांगून टाकावं.

भोकरदनला माझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, उद्घाटन, निवड, श्रद्धांजली... माणूस बारशापासून सरणापर्यंत माझ्या हातातून जातो! धंदा बराबर चालून राह्यला होता, फक्त लग्न जमून नव्हतं राह्यलं. पोरगी बघायचो, पसंती व्हायची, अन् मंग पोरीकडचे चौकात चौकशीला उतरायचे. चहावाला म्हणायचा, "पोरगा चांगलाय, पण..." त्या 'पण'च्या पुढं एकबी सोयरीक गेली न्हाई. का, तर म्हणे कामाला लावतो उशीर, बोलतो उलटं, अन् वर घमेंड. आता तुम्हीच सांगा, घमेंडी आहे का मी? जाऊ द्या, नका सांगू.

अशात पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ आलं. मनीषा. बघताक्षणी आवडली मला. तिचे वडील, मी त्यांना मामाच म्हणतो, रविवारी आमचं घर बघायला येणार होते. मायनं तंबी दिली, "रामेश्वर, ही सोयरीक मोडली तर मी माहेरी निघून जाईन." या वयात!

नेमका त्याच आठवड्यात कैलास टपकला. माझा वर्गमित्र. जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला, अन् सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शक. गावातली पोरं घेऊन त्यानं भुताचा पिक्चर काढला होता, 'बारवेतला हात'.

"रामा, पोस्टर असं पाहिजे की बघणारा चौकातच गारठला पाहिजे."

आधी केली पांढऱ्या साडीतली हडळ, मागं पडकी बारव, म्हंजे पायऱ्यांची जुनी विहीर. झकास! तर हिरोईनचा बाप दुकानात येऊन उभा. "माझ्या पोरीला हडळ करतो का रे? तिला उद्या उजवायचीय!" काढली हडळ. मंग बारवेतून वर येणारा नुसता हात ठेवला. तर पिक्चरला पैसे लावणारे कैलासचे काका म्हणाले, "हात कोणाचा हे लोकांना कसं कळंल? वर माझा नमस्कार करतानाचा फोटो टाक." टाकला. पोस्टर असं दिसून राह्यलं की भूतच जिल्हा परिषदेला उभंय!

कैलास रडकुंडीला आला. "काका काढ, हात काढ, सगळं काढ."

"मंग भूत आणू कुठून?"

त्यानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. "तुझं थोबाड काय वाईट आहे?"

घ्या! लावला माझाच फोटो, केला काळा-पांढरा. आता आमच्या धंद्याची एक रीत आहे, कोऱ्यावर कोणी काम करत न्हाई. जुनी फाईल उघडायची अन् तिच्यातच बदल करायचा. काळोख, धूर, खाली ज्योत, हे सगळं एका श्रद्धांजलीच्या फाईलीत आयतंच होतं. हारबी तसाच राहू दिला. वर लिहिलं, 'तो आता आपल्यात नाही...' अन् तळाला लालभडक, '...असं वाटतं तुम्हाला?' त्याखाली पिक्चरचं नाव.

कैलास म्हणाला, "चौकातल्या फ्रेमचं माप घेतो का एकदा?"

म्हणलं, "माप नवशिके घेतात. मला डोळे झाकून ठाऊक आहे."

रविवारी सकाळीच फ्लेक्स लावणाऱ्याच्या हाती दिला अन् मी पाहुण्यांसाठी पेढे आणायला निघालो. मिठाईवाला मला बघून थिजलाच. हळूच माझ्या दंडाला बोट लावून म्हणाला, "रामेश्वर... तू आहेस?"

मी मजेत म्हणलं, "न्हाई, माझं भूत आहे! पेढे दे जल्दी."

धाडकन शटर खाली! मी रस्त्यावर, पेढे आत. पण सांगतो ना, छाती फुगली माझी. म्हणलं, वा रे पठ्ठ्या, पोस्टर चाललं!

घरी आलो तर माय बुचकळ्यात पडलेली. शेजारची काकू डोळे पुसत पिठलं-भाकरी ठेवून गेल्ती, तोंडातून शब्द न्हाई. माय म्हणाली, "सोयऱ्यांना कोणी पिठलं वाढतं का? अन् ही रडून काहून राह्यली?" मला काय ठाऊक!

तेवढ्यात मामा आले. खांद्यावरच्या रुमालानं डोळे टिपत. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झालो, तर त्यांनी मटकन बसकण मारली.

"हे... हे कोण?"

"मी रामेश्वर, मामा."

मामांनी मोबाईल पुढं केला. चौकातल्या बॅनरचा फोटो. फ्लेक्स फ्रेमपेक्षा लांब झालेला, म्हणून लावणाऱ्यानं खालचा भाग मागं दुमडून टाकलेला. पिक्चरचं नाव गायब. उरला काय? हार घातलेला मी, ज्योत, अन् 'तो आता आपल्यात नाही...'

म्हणलं, गेली सोयरीक! माय तर पदर तोंडाला लावून खाली बसली. मी हातापाया पडून सगळं सांगितलं. मामांनी रुमाल परत खांद्यावर टाकला अन् म्हणाले, "चौकशीलाच उतरलो होतो चौकात. बॅनर बघितला अन् मन खट्टू झालं. तरी म्हणलं, पोरगा कसा होता तेवढं विचारावं."

"मंग?"

"चहावाला ढसाढसा रडला हो! म्हणे, असा पोरगा पुन्हा होणे न्हाई. शब्दाचा पक्का, जिभेवर साखर, अन् गर्व तर बिलकुल न्हाई. सगळा चौक तेच सांगून राह्यला. असा जावई हातचा गेला म्हणून मी इथवर रडत आलो. आता जित्ता सापडला, तर सोडतो काय?"

सुपारी तिथंच फुटली. मेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलतंय?

लग्न झालं, संसार चालू आहे. काल भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी जरा आवाज चढवला, तर मनीषा शांतपणे म्हणाली, "आमच्या बाबांची चौकशी बराबरच होती. चौकातल्या लोकांनी सांगितला तो पोरगा खरंच गेला. माझ्या पदरात हे भूत तेवढं राहिलं."