ट्रिगर झाकायचा कोणी?

"ट्रिगर कशाने झाकणार?" मी विचारलं. मीटिंग रूमच्या टेबलावर ड्रॉइंग माझ्या सहीसाठी ठेवलेलं होतं.

मी केंब्रिजमधल्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनियर आहे. आम्ही पत्र्याचे छोटे पार्ट बनवतो. जानेवारीत ब्रॅड नावाचा अमेरिकन क्लायंट आला. त्याला बेल्ट क्लिप हवी होती. मेजरिंग टेपच्या मागे असते तशीच, फक्त ही पिस्तुलाला स्क्रूने बसवायची. पिस्तूल पँटच्या आत, क्लिप पट्ट्यावर, वरून शर्ट. त्याच्या राज्यात असं लपवून पिस्तूल बाळगता येतं. इथे केंब्रिजमध्ये सामान्य माणसाला ते चालत नाही, म्हणून टेस्टिंगसाठी त्याने निळ्या प्लॅस्टिकचं डमी आणलं होतं. त्याचा ट्रिगर दाबला की टक् वाजायचं.

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान. ते पिस्तूल धरून ठेवतंच, पण मुख्य म्हणजे ट्रिगर झाकतं. ही क्लिप नुसतीच धरून ठेवणार. आमच्या टेस्टही तेवढ्याच: वजन टांगा, ओढा, निसटते का बघा. क्लिप सगळ्यांत पास.

मी डमी माझ्या पट्ट्याला लावलं, वर विंटर जॅकेट घातलं. डमी एकदा बाहेर काढून परत खोचलं. जॅकेटच्या दोरीची गाठ ट्रिगरभोवतीच्या कडीत अडकली. टक्.

ब्रॅड हसला. माझं डोकं सणकलं. खरं पिस्तूल असतं तर माझ्या मांडीत गोळी असती, आणि हा माणूस हसत होता.

आमचा मॅनेजर सुहास, मूळचा पुण्याचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "नीता, लेट इट गो. आपण क्लिप बनवतो, गन नाही. यूजरने केअरफुल राहायचं."

"मग ड्रॉइंग तुम्हीच अप्रूव्ह करा."

"तू इमोशनल होतेयस."

बाईचा मुद्दा खोडता आला नाही की ती इमोशनल होते. एवढ्या वर्षांत हे मला पाठ झालंय.

मी परत टेबलाशी गेले. "ब्रॅड, तू स्वतः काय वापरतोस?"

"होल्स्टर," तो सहज म्हणाला. "घरात लहान मुलं आहेत."

सुहास आपल्या कॉफीत बघत राहिला. मी सही केली नाही.

पुढच्या आठवड्यात मला गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांच्या कामावर टाकलं. सही सुहासनेच केली. क्लिप आता बाजारात आहे, पाकिटावर 'जबाबदारीने वापरा' असं छापलंय. कुणाची जबाबदारी, ते छापलेलं नाही.

तेव्हापासून नवं काही घेऊन येणाऱ्या प्रत्येक क्लायंटला मी आधी एकच विचारते: तुमच्या घरी काय वापरता?