सवतीचं आजारपण

आमच्या मांजरीला नाव नव्हतं. हे तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचे, आणि शेजारच्या काकू मला ऐकू जाईल अशा बेताने ‘तुझी सवत’ म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायची. हे गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की ती मांजर आधी येऊन बसते. ते असतानाही असंच व्हायचं.

गिरगावात आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे सामाईक गॅलरी. हे विमा कचेरीत कारकून होते. वाचनाचं वेड आम्हा दोघांनाही, पण ते एका कोपऱ्यात वाचत आणि मी दुसऱ्यात. जुनी पुस्तकं ते स्वतः बांधायचे. बांधणीसाठी मैद्याची खळ शिजवायचे आणि तिच्यात मोरचूद घालायचे. त्या निळ्या विषामुळे पुस्तकाला कसर आणि झुरळं लागत नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा आमच्या चाळीतला पोर न् पोर घोषणा देत होता. ह्यांच्या गळ्यातून कधी मोठा आवाज निघाला नाही. त्यांनी पत्रकं चिकटवायचं काम मागून घेतलं. जिन्यांमध्ये लावलेली पत्रकं झुरळं आणि उंदीर कुरतडतात हे पाहिल्यावर पुस्तकांची ती खळ त्यांनी पत्रकांसाठी करायला घेतली. कचेरीतून आले की चहा घेऊन खळीचा डबा उचलत आणि निघत. “तुमचं पत्रक टिकतं हो,” असं कोणी म्हटलं की त्यांचे कान लाल होत.

परत आल्यावर ते गॅलरीतल्या स्टुलावर टेकत. हात धुवायच्या आधी. मांजर कुठूनशी येऊन मांडीवर उडी घ्यायची आणि हे तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही हातांनी कुरवाळत राहायचे.

“आज लालबागला पोलीस मागे लागले, बाईसाहेब. डबा टाकून पळायची वेळ आली होती.”

लालबागची बातमी मला अशी दाराआडून कळायची. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे छत्री कुठे आहे आणि रॉकेल संपलं का. मी आत पोळ्या लाटत असायची आणि लाटणं जरा जोरात आपटायची. बाहेर कोणाला ऐकू जात नसे. त्यांची मांडी सुटली की मांजर चौकटीत बसून अंग चाटायची, अगदी मन लावून, जणू त्यांच्या हाताचं काही वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

मग तिने खाणं टाकलं. बांगड्याचं डोकं पुढे ठेवलं तरी तोंड फिरवू लागली. ओकारीत हिरवट-निळं पाणी पडलं तेव्हा वाटलं, कुंडीतलं गवत खाल्लं असेल. काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. “सवतीला माझीच दृष्ट लागली असेल,” मी म्हणाले. काकू हसल्या, हे हसले नाहीत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, जंताची पूड दिली. तीही ओकून पडली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा काढली. मला टायफॉइड झाला होता तेव्हा काकूंना माझ्या उशाशी बसवून हे कचेरीत गेले होते. मी वेताच्या टोपलीत जुनं लुगडं घालून मांजर ठेवली आणि परळला जनावरांच्या दवाखान्यात जायला आम्ही ट्राम धरली.

कंडक्टरने टोपलीकडे पाहिलं. “काय, मासळी काय?”

“मांजर आहे. आजारी.”

“मांजर तर मांजर. पण ओरडली तर उतरवीन हां, बाई.”

“ती ओरडत नाही आता,” हे म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला की कंडक्टर तिकिटं फाडत पुढे निघून गेला. टोपली अख्ख्या वाटेत त्यांच्या मांडीवर होती. मी शेजारी बसले होते आणि माझा हात कठड्यावर होता.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर, तुटक बोलणारे. आमच्या पुढे एक गवळी रेडकू घेऊन होता, त्याच्यावर ओरडून झाल्यावर ते आमच्याकडे वळले.

“काय खाते?”

“दूधभात. बाजार झाला की मासे,” मी म्हणाले.

“घरात उंदरांचं औषध ठेवता? रंगकाम काढलंय?”

“नाही.”

त्यांनी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पिवळ्या पडल्या होत्या. मग पाठीवरून बोट फिरवलं. केस काही ठिकाणी चिकटून ताठ झाले होते. ओला कापूस घेऊन त्यांनी ते पुसले आणि कापूस उजेडात धरला. त्यावर फिकी निळी झाक होती.

“हे काय आहे?”

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. “हात दाखवा.”

ह्यांनी हात पुढे केले. नखांच्या कडा निळ्या होत्या.

“कुठल्या कारखान्यात असता?”

“विमा कचेरीत.”

“विमा कचेरीत हात निळे होतात?”

“खळ... पत्रकांची. मोरचूद घालतो तिच्यात. चिमूटभर.”

“तुमची चिमूटभर. ही केवढीशी आहे बघा. तुम्ही रोज हिच्या अंगाला माखता, ती चाटून पोटात घेते. यकृत बिघडलंय.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हीही कुरवाळता?”

“मी नाही,” मी म्हणाले. लागेल त्यापेक्षा मोठ्याने म्हणाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अंग धुऊन काढा, अंड्याचा पांढरा बलक पाजा, ग्लुकोजचं पाणी थेंबाथेंबाने द्या, एवढं सांगितलं. वाचेल का, हे ह्यांनी विचारलं आणि डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आल्यावर ह्यांनी टोपली माझ्यासमोर ठेवली. “तू कर तिचं. मी हात लावणार नाही.”

मोरीवर बसून ते राखेने हात घासत राहिले. कातडी लाल झाली तरी थांबेनात. मी कोमट पाण्याने तिला धुतलं, पुसलं, मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच ती माझ्या मांडीवर होती. अंग हलकं, हाडं लागत होती. हे पलीकडून खाकरले तरी तिचे कान तिकडे वळायचे. मी थेंब पाजत असायची आणि ती माझ्या हातावरून त्यांना पाहत असायची. ते खुर्चीत, हात काखेत दाबून. मी मध्ये बसले होते आणि त्या दोघांच्या मध्ये माझं काही काम नव्हतं.

तिसऱ्या का चौथ्या दुपारी ती माझ्या मांडीवरच गेली.

काकू म्हणाल्या, “हातून मांजर गेली की काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते.” असल्या गोष्टींवर हे नेहमी पुस्तकात मान घालून हसायचे. त्या दिवशी संध्याकाळी डबा तसाच राहिला. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“तुझी ती एकटी कुडी आहे ना, जोड हरवलेली?”

“कशाला?”

“एवढ्यात होईल म्हणतो सोनार. बोटाच्या पेराएवढी.”

म्हणजे सोनाराला विचारूनही झालं होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी आमचं मूल जन्मतःच गेलं होतं. मुलगी. तेव्हा हे तिला नेऊन पोचवून आले, आंघोळ केली आणि मला म्हणाले, झोप आता. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नव्हता.

“आपल्या मुलीसाठी तुम्ही काही मागितलं नव्हतंत,” मी म्हणाले.

ते जमिनीवर बसले, तिथेच, माझ्या पायाशी, आणि रडले. चाळीला ऐकू जाईल असे. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्यावर होतं. मी त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिले आणि ते कोणासाठी रडताहेत हे मला कळत नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, त्या दिवशी नक्की सांगितलं असतं. उत्तर मांजरीचं आलं असतं तर मला ते सोसलं नसतं, म्हणून मी विचारलं नाही.

कुडी मी दिली नाही.