बाजार बंद करणारी बाग

गल्लीत केबलची तार आली, त्या वर्षी आमच्या ह्यांना परसबागेचं वेड लागलं. कुठल्याशा वाहिनीवर यांनी बाग पाहिली आणि माजलगावातल्या आमच्या घरामागची मोकळी जागा यांच्या डोळ्यांत भरली. गणिताचे मास्तर हे. मृग लागायच्या आधीच आलेखाच्या कागदावर वाफे आखून मोकळे झाले. "आता बाजार बंद," म्हणाले. "घरचंच खायचं."

आठवडी बाजार म्हणजे माझी आई. मला अजून मूलबाळ नव्हतं, आणि नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आईचा नेम. त्यामुळे ती आमचा उंबरा चढत नसे. बाजाराला मात्र गावाहून न चुकता यायची. मिरच्यांच्या ढिगाआड आम्ही दोघी घटकाभर बसायचो. भाजी हे निमित्त. तेच गेलं तर मी काय सांगून बाहेर पडणार?

मग मी गरीब गाईसारखा चेहरा केला. "तुमाला भरलं वांगं आवडतं ना, मग वांगीच लावा की."

हे खूश. भेंडी खोडली, दोडका खोडला. सासूबाई शेजारीच डाळ निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

रोपं जोमात वाढली आणि श्रावणात वांगी लोंबायला लागली. आता आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, अख्खा चातुर्मास, आमच्या चुलीवर वांगं चढत नाही. सासूबाईंचा हा नियम यांच्या जन्माआधीचा. पण ताटात काय वाढलंय ते यांनी कधी पाहिलं असेल तर ना! कागदावर इंच न् इंच होता, पंचांग तेवढं राहिलं होतं. चातुर्मास न पाळणारी घरं शोधून शोधून हे वांगी वाटत फिरले, आणि मी दर आठवड्याला पिशवी घेऊन बाजारात. मला फार आनंद झाला होता, सांगायला लाज कसली.

दिवाळीत, नेमक्या बाजाराच्या दिवशी, यांनी पुन्हा कागद काढला. "पुढच्या वर्षी भेंडी, गवार, दोडका. वांगं एक बी न्हाई."

नवी युक्ती शोधत मी खुंटीकडे पाहिलं.

"वांगीच लाव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू खाईना, कुणाला खाऊ बी देईना."

"न्हाई खात. पर लावायला तुझं काय जातंय?" खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "जा तू. तुझी माय कवाची येऊन बसली आसंल."