कुठला अशोक?

आईच्या अंगावरून रक्त जात होतं, त्याला पाचवा महिना लागला होता. जॉर्ज टाउनमधल्या आमच्या एका खोलीत ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नसे. वडील सांगलीकडचे, गलाईच्या कामाला चेन्नईत आलेले. दिवसभर भट्टीपाशी सोनं वितळवायचे, आणि आईच्या दुखण्याचा विषय काढला की उठून बाहेर जायचे. आई भिंत धरून चालायची. नळावरून कळशी आणताना दोनदा पडली. मी तेव्हा बॉटनीच्या पहिल्या वर्षाला होते, घराण्यात कॉलेजात गेलेली पहिलीच. आईला आता मीच बरी करणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं. तिथं साली निवडायला बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे पट्टैमामा म्हणत. तमिळमध्ये पट्टै म्हणजे झाडाची साल. मामा तंजावरचे मराठी. नावावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी अशोकाची साल मागितली की मान वर न करता विचारत, “कुठला अशोक?”

गिऱ्हाईक चिडायचं. “अशोक म्हणजे अशोक!”

“आमच्या गल्लींत चार मुरुगन आहेत. पोलिसांनीं कुठला धरावा?”

साल हातात आली की ते आधी मोडत, मग हुंगत, मग जिभेवर ठेवत. चाळीस वर्षं हेच करून जिभेची चव गेली होती. चहात साखर आहे की नाही, हे त्यांना शेजाऱ्याला विचारावं लागे. मला “ये गे कॉलेज!” अशी हाक मारायचे आणि माझ्या बोलण्याला हसायचे. “तुझी मराठी काल रेल्वेनं आली. माझी राजाबरोबर आली.”

त्या कॉलेजनंच माझा घात केला. बायकांच्या रक्तस्रावावर अशोकाची साल देतात, असं मी वाचलं होतं. कॉलेजच्या कुंपणाशी तर उंच अशोकांची रांगच होती. सुरीनं साल काढली, उकळली आणि तीन आठवडे आईला काढा पाजला. ती निमूट प्यायची. शेजारणीला सांगायची, “माझी पोरगी शिकलीय.” रक्त काही थांबेना. एका सकाळी तिचे ओठ पांढरेफटक दिसले, तेव्हा उरलेली साल घेऊन मी मामांकडे धावले.

त्यांनी ती मोडली. धागे लोंबले. आतून पिवळट.

“पान कसं होतं?”

“लांब. कडेला लाटा.”

“हें नेट्टिलिंगम गे. शोभेचं झाड. लोक अशोक म्हणतात म्हणून तें अशोक होतं की?” ते हसत नव्हते. “सीतेच्या अशोकाला एका देठावर जोडीजोडीनं पानं. फूल शेंदरी, मग लाल होतं, जुन्या फांदीला चिकटून येतं. त्याला पाकळ्याच नाहींत. आपण पाकळ्या समजतों ती खालची वाटी. तूं वाचलंस, बघितलं नाहींस.”

“मग खरी द्या ना मामा. पाया पडते.”

ते उठून दुकानातल्या अशोकाच्या पोत्याशी गेले. एक तुकडा मोडला, दुसरा मोडला, पाचवा मोडला. मग तिथंच खाली बसले. “ह्यांतही नेट्टिलिंगमच जास्त,” मोठ्यानं म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकं होती. मालक ओरडला, “म्हाताऱ्या, तोंड सांभाळ!” मामांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. “ऐक. खरी मिळाली तरी ती तुरट साल थोडं रक्त आवरील. पोटांत गाठ असेल तर तिला साल काय करील? आईला आजच्या आज मोठ्या आस्पत्रींत ने.”

वडील ऐकेनात. “तिथं कापतात,” एवढंच म्हणत दारात उभे राहिले. मामा आमच्या खोलीत कधी आले नव्हते. त्या दिवशी आले. वडिलांना म्हणाले, “तुम्ही सोन्यांतलं हीण आगींत घालून काढतां. बायकोच्या पोटांतलं काढायला भितां?” वडील रडले. मग रिक्षा आणायला गेले.

गर्भाशयात गाठी होत्या. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणखी आठवडा गेला असता तर काही खरं नव्हतं.” माझे तर तीन आठवडे गेले होते. काढा कसला होता, हे मला अजून आईला सांगवलेलं नाही.

मालकानं मामांना त्या दिवशीच संध्याकाळी कामावरून काढलं होतं. तंजावरला लेकीकडे निघाले आहेत असं कळलं, तेव्हा मी एग्मोर स्टेशनवर त्यांना गाठलं. माझ्यामुळं तुमचं काम गेलं, म्हणून मी रडायला लागले.

“तुझ्यामुळें कुठें? त्या पोत्यांपाशी चाळीस वर्षं मीही बसलोंच की. कोण कोण काय पिऊन गेलं, देवाला ठाऊक.” मग गाडीच्या खिडकीतून म्हणाले, “परीक्षा दे. नापास झालीस तर तुला नेट्टिलिंगम म्हणेन.”

दोन वर्षांनी निकाल सांगायला फोन केला, तो त्यांच्या लेकीनं उचलला. मामा महिन्यापूर्वीच गेले होते.

मी आता अंबत्तूरला एका प्रयोगशाळेत औषधी साली तपासते. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आणि आई जिवंत आहे.